दोन टर्बो आणि पडेगावचा मुंजाबा

आप्पासाहेबांच्या पोर्शेचा टर्बो श्रीधर गोळेगावकरने मारला, आणि तोही काटकसर करून.

गोष्ट दोन हजार तेराच्या एप्रिलमधली. सकाळचे साडेदहा. दौलताबादचा घाट उतरून लालभडक पोर्शे ९११ टर्बो पडेगावच्या वळणावर आली आणि तिच्या मागून निळा धूर निघू लागला. आधी उदबत्तीएवढा, मग होमाएवढा, मग असा की मागचे दोन मोटारसायकलवाले दिसेनासे झाले. शेजारून जाणाऱ्या कडब्याच्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढली आणि श्रीधरचा काळा कोट बघून विचारलं, "वकीलसाब, म्युन्सिपाल्टीने नयी मच्छर मारनेकी गाडी ली क्या?"

श्रीधरने काच वर केली. पण धूर आतच होता, म्हणून पुन्हा खाली केली.

श्रीधर औरंगपुऱ्यातला नोटरी. पंचवीस वर्षं तो लोकांच्या प्रतिज्ञापत्रांवर शिक्के मारत आला होता. 'वरील मजकूर खरा आहे' असं दिवसातून तीस माणसं त्याच्यासमोर शपथेवर सांगत, आणि तो चष्म्यावरून एकदा बघून धप्पकन शिक्का मारी. मोटारी हा त्याचा दुसरा धर्म. स्वतःकडे एक मारुती होती, तीही बायकोच्या नावावर; पण जुन्या स्पोर्ट्स गाड्यांबद्दल त्याला जे माहीत नव्हतं ते कारखान्यालाही माहीत नसेल, असा त्याचा नम्र समज होता.

आता त्याच्या हातात पोर्शे आली कशी? तर आप्पासाहेब हे त्याचे शाळेतल्या बाकावरचे सोबती, बियाण्यांचे व्यापारी. शहर पश्चिमेला पसरू लागलं, त्यांच्या माळावर चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट विकले गेले, कमानी उभ्या राहिल्या, आणि आप्पासाहेबांनी आयुष्यातली एकच चैन केली. विलायतेहून परतलेल्या एका डॉक्टरांकडून त्यांच्या दोन्ही गाड्या घेतल्या. एक शहाऐंशी सालची पोर्शे ९११ टर्बो, दुसरी पंच्याऐंशीची लोटस एस्प्री टर्बो. दोघी बंगल्यामागच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या असत, सख्ख्या जावांसारख्या, एकमेकींकडे न बघता.

पण दुष्काळ आला. नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी. घरच्या मंडळींनी ठराव केला की शेडची अर्धी जमीन खणून खाली मोठा हौद बांधायचा. म्हणजे एका जावेने घर सोडायचं. पुण्याचे एक संग्राहक दोघींपैकी कोणतीही न्यायला तयार होते. ते येत्या रविवारी यायचे होते.

"श्री," आप्पासाहेब म्हणाले होते, "माझा जीव दोघींतही अडकलाय, मला निवाडा जमायचा नाही. तू दोन्ही चालव आणि सांग, कोणती ठेवू. तू सांगशील ते शेवटचं."

श्रीधरने हे काम हायकोर्टाच्या कमिशनसारखं घेतलं. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले. डावीकडे पोर्शे, उजवीकडे लोटस. सगळं रीतसर.

आणि खरं सांगायचं तर त्याने लिहिलं ते वाईट नव्हतं. पोर्शेचं इंजिन शेपटीत, सहा सिलिंडरचं. लोटसचं पोटात, चारच सिलिंडरचं. पोर्शेला तीनशे घोडे, लोटसला दोनशे दहा. पण लोटसचं अंग फायबरचं, हलकं, म्हणून ते दोनशे दहा घोडे तक्रार करत नाहीत. पोर्शेला गिअर फक्त चार. इंजिनाच्या फेऱ्या कमी असताना ती दुपारच्या जेवणानंतरच्या कारकुनासारखी; फाईल पुढे सरकत नाही. आणि मग टर्बो, म्हणजे इंजिनात वारा कोंबणारा पंखा, जागा झाला की तोच कारकून साहेब बघतोय हे कळल्यासारखा उठतो आणि तुमच्यासकट सगळी कचेरी घेऊन पळतो. लोटसमध्ये तसं नाही. ती लवकर दम धरते, वळण सांगायच्या आधी ओळखते. मात्र तिच्यात बसायचं म्हणजे बसायचं नाही, निजायचं. मागचं दिसत नाही. आणि नाक इतकं खाली की शहरातल्या प्रत्येक गतिरोधकाला ती वाकून नमस्कार करते.

इतकं सुंदर लिहिणाऱ्या माणसाला एकच खोड होती. यमुनाबाईंच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, हाताखाली तो वाढला होता, आणि त्या घरात कोणी खोलीतून उठलं की दिवा मालवल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. श्रीधरचा हात आधी बटणाकडे जाई, मग चपलेकडे. बायको मनस्विनी न्हाणीघरात असताना त्याने बाहेरून दिवा किती वेळा बंद केला याची मोजदाद तिने ठेवणं सोडून दिलं होतं. मेव्हण्याच्या लग्नात त्याने मांडवातला पंखा बंद केला होता. खाली भटजी बसले होते.

तोच हात पोर्शेच्या चावीवर होता. रोज घाट चढून, उतरून, इंजिन लालबुंद तापवून तो परत येई, आणि शेड दिसली रे दिसली की चावी फिरवी. शेवटचे वीस हात गाडी नुसती घरंगळत आत जाई. पेट्रोल वाचे. लोटस त्याने शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवली होती आणि जेमतेम दोनदा बाहेर काढली होती, हे तिचं नशीब.

धूर निघाला तेव्हा मात्र त्याच्या मनात स्वतःचा हात आलाच नाही. त्याने वही काढली, 'विश्वासार्हता' या रकान्यात पोर्शेला दिलेले आठ गुण खोडले आणि चार केले. 'वय झाले' असा शेराही मारला. म्हणजे निकाल ठरला. रविवारी पोर्शे जाणार.

पण धूर ओकणारी गाडी पुणेकरांना दाखवायची कशी? कडब्याच्या ट्रकवाल्यानेच हात करून पुढची पत्र्याची शेड दाखवली. "मुंजाबाकने लेके जाव. टर्बोका हकीम है."

मुंजाबाच्या शेडवर पाटी नव्हती. दारात बोअरची एक अगडबंब गाडी, दोन पाण्याचे टँकर, आणि सावलीत बांधलेली एक शेळी. मुंजाबा टँकरच्या पुढच्या चाकावर उभा राहून इंजिनात डोकं घालून होता. दिसत होता तो फक्त धोतराचा काष्टा आणि टायरच्या वहाणा.

"अहो मुंजाबा," श्रीधरने हाक मारली, "जरा बघता का? रविवारच्या आत व्हायला पाहिजे."

"रविवार माझ्याकडं बी येतो," इंजिनातून आवाज आला. "काय झालं?"

"आपोआप झालं. चालता चालता."

डोकं बाहेर आलं. पंचावन्न-छप्पन्नचं वय, पांढऱ्या मिशा, कानात बाळी. "आपोआप तर पाऊस बी येईना, वकीलसाहेब."

आतून वच्छलाबाई, मुंजाबाची बायको, चहाची किटली घेऊन आली. "बसा. पाणी अर्धाच पेला भेटंल, च्या पुरता भेटंल. दूध हाय, पाणी नाय."

मुंजाबा सोयगावकडचा. घर मेंढरांचं. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तो कळपामागं फिरला. शहाऐंशीच्या दुष्काळात त्यांच्या शिवारात बोअर मारणारी गाडी आली, आणि तिसऱ्या दिवशी मुंजाबा मेंढरं भावाकडे सोपवून गाडीवाल्यांना सांगायला गेला, "तुमच्या मशीनला धाप लागलीया." त्यांनी हसून हाकललं. दुसऱ्या दिवशी टर्बो निकामी झाला. त्यांनी बोलावून आणलं. तेव्हापासून दर दुष्काळात मुंजाबाला उसंत नसे. जमिनीत पाणी खोल जाई, तशी बोअरची मशीनं जास्त ताणली जात आणि धापा टाकत त्याच्या दारात येत. तो कान लावून सांगे, कोणाचा श्वास कुठं अडकलाय. टर्बो म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. जनावर उरात वारा भरून घेतं तसं मशीनही घेतं, एवढं त्याला पुरेसं होतं.

तो पोर्शेभोवती एक फेरी मारून आला. पुढून नाही; थेट मागून. बाजारात मेंढा बघतात तसं पुठ्ठ्यावर थापटलं. खाली आडवा झाला, डाव्या अंगाला हात घालून काहीतरी चाचपलं, आणि दोन बोटं वर केली. बोटं काळी कुळकुळीत.

"हिला पळवली लई."

"चाचणी होती. लेखी."

"पळवलेलं वाईट नाय. हे पळण्याचं जनावर. दुसरं कायतरी झालंय." त्याने श्रीधरकडे बघितलं. श्रीधरने चहाकडे. "बघू. आधी कडूबाचा टँकर. तीन वस्त्यांच्या बाया पाण्यापायी खोळंबल्यात."

"पण माझा रविवार..."

"त्या बायांचा कालचा दिवस बी गेलाय." मुंजाबाने हात पुसले. "टँकरचा टर्बो आत्ताच बसवलाय. घाटानं नेऊन ऐकायचाय. चला, बसा तुम्ही बी. हितं बसून माझ्या शेळीचे गुण लिहिण्यापरास बरं."

वच्छलाबाई किटलीमागे हसली. श्रीधरने उघडलेली वही मिटली.

टँकरच्या केबिनमध्ये कडूबा चालवायला, मधे श्रीधर वही पोटाशी धरून, आणि खिडकीशी मुंजाबा डोळे मिटून. घाट लागला तसा टर्बोने सूर धरला. मुंजाबा मान डोलवू लागला. "आता श्वास बरा घेतोया," तो स्वतःशी पुटपुटला. श्रीधरला कबूल करावं लागलं की पोर्शेत इतके दिवस बसून त्याने फेऱ्यांचा काटा बघितला होता, आवाज असा ऐकला नव्हता.

घाटमाथ्यावरच्या वस्तीत टँकर थांबला. हंडे, कॅन, प्लॅस्टिकचे ड्रम, सगळ्यांच्या रांगा आधीच लागलेल्या. कडूबा गिअर काढून, हँडब्रेक ओढून, इंजिन तसंच मंद चालू ठेवून पाइप लावायला खाली उतरला.

इंजिन चालू. ड्रायव्हर खाली. डिझेल जळतंय.

श्रीधरचा हात गेला. त्याला कळायच्या आत गेला. चावी फिरली, इंजिन हुंदका देऊन बंद पडलं, आणि सगळ्या वस्तीवर शांतता पसरली.

"आगं बया!" रांगेतली पहिली बाई, मालनबाई म्हणून होती, हंडा कमरेवर घेऊन ओरडली. "मेला का काय टँकर? कडूबा, पाणी आज येतंय, का पुन्हा उद्या?"

"येतंय येतंय, पाणी टाकीतून येतं, इंजिनातून नाय!" कडूबा मागून ओरडला. "पण बंद कुणी केला? हकीमसाब, आत्ता तर बसवला तुम्ही!"

मुंजाबाने डोळे उघडले. तो श्रीधरच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. हात अजून चावीवरच होता.

"ती लाल गाडी बी अशीच बंद करता?"

"नाही म्हणजे... पेट्रोल फुकट जातं ना..."

मुंजाबाने वाकून चावी फिरवली. इंजिन पुन्हा मंद सुरात चालू झालं. मग तो सावकाश बोलू लागला.

"कळप लांबून पळत आला ना साहेब, की समोर पाणी असलं तरी आम्ही काठी आडवी धरतो. त्याला उभं करतो. धाप उतरू देतो. बरगड्या हलायच्या थांबल्या की मग सोडतो. हे बी पळून आलंय. आतलं चाक लाखाच्या गतीनं फिरतंय, आगीत. त्याला जगवतं ते तेल. तुम्ही चावी फिरवली की तेल थांबतं. चाक नाय थांबत. कोरडं फिरतं. आन् उरलेलं तेल जागीच जळून कोळसा होतं. म्हणून कडूबाला शिकवलंय, आल्यावर वहाणा काढ, पाइप लाव, तंबाखू मळ, मग चावी." तो थांबला. "किती वेळा केलंत?"

श्रीधरने वही पोटाशी आणखी घट्ट धरली.

"वहीत आसंल ना."

वहीत होतं. सगळंच होतं. प्रत्येक फेरीच्या शेवटी, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात: 'परत येताच इंजिन तत्काळ बंद केले. इंधनबचत.' आणि पुढे कौतुकाची बरोबरची खूण. श्रीधरने पानं उलटत मोजलं.

"अकरा," तो म्हणाला.

पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं खरं-खोटं शिक्कामोर्तब करणाऱ्या माणसाला स्वतःचा कबुलीजबाब स्वतःच्याच अक्षरात सापडावा, आणि त्यावर खुणाही स्वतःच्याच असाव्यात! त्याने वही मिटली. पोर्शेचं वय झालं नव्हतं. तिच्यावर खोटा शेरा मारून तो तिला रविवारी घराबाहेर काढणार होता.

परतीच्या वाटेवर मुंजाबाने अट सांगितली. "गाडी मी जित्ती करतो. बोअरच्या मशीनचाच चुलतभाऊ हाय तिचा टर्बो, मला नवा नाय. पण मालकाला तुम्ही सांगायचं. मी नाय सांगणार, आन् लपवणार बी नाय."

"सांगतो," श्रीधर म्हणाला. "लेखी देऊ?"

"तोंडानं सांगा. शिक्का नको."

पुढचे दोन दिवस मुंजाबा पहाटे उठून, टँकर यायच्या आधी, पोर्शेखाली जात होता. टर्बो काढला. तेलाच्या नळीतून काजळीची कांडी निघाली, काळी, पेन्सिलीएवढी. वच्छलाबाईने ती श्रीधरच्या हातात ठेवली. "घ्या, तुमची बचत." मुंजाबाने आतल्या दांड्याभोवतीचे नवे बुश लेथवर मापात आणून बसवले. श्रीधर रोज येई, स्टुलावर बसे, आणि सांगितलेला पाना सोडून दुसराच देई.

रविवारी सकाळी आप्पासाहेब लोटस घेऊन मुंजाबाच्या शेडवर आले. लोटसमधून बाहेर पडायला त्यांना दोन मिनिटं लागली. आधी एक पाय, मग टोपी, मग उरलेले आप्पासाहेब. ते उभे राहून श्वास घेत असतानाच श्रीधरने सांगून टाकलं. सगळं. धूर, खोडलेले गुण, अकरा फेऱ्या.

आप्पासाहेबांनी टोपी नीट बसवली.

"श्री, तुझ्या वहीत रकाने किती?"

"बावीस."

"चालक म्हणून एखादा?"

"नाही."

"मग तो आख आधी." एवढं बोलून ते पोर्शेकडे गेले आणि मुंजाबाला म्हणाले, "बसा. घाटापर्यंत जाऊन येऊ."

मुंजाबा दोन्ही गाड्यांतून एकेक फेरी करून आला. पोर्शेत त्याने डोळे मिटले, लोटसमध्ये उघडे ठेवले. परत आल्यावर आप्पासाहेबांनी विचारलं तेव्हा त्याने बावीस रकाने एका दमात उरकले.

"ही लोटस गुणाची. वळ म्हटलं की वळती, दम लवकर धरती. पण कातडं पातळ. आपल्या रस्त्याला दर शंभर पावलांवर उंबरा. हिचं नाक किती दिवस टिकंल? हिला घरात ठिवणारा, पुसणारा मानूस पायजे. लाल गाडी मेंढा हाय. आधी ऐकत नाय, ऐकलं की थांबत नाय. वळणावर भिऊन पाय काढला तर मागनं फिरंल. पण खुरानं पक्की. आन् बिघडलीच तर तिचं औषध हितं पडेगावात हाय. ह्या दुसरीचं मला अजून ठावं नाय."

निकाल तिथंच लागला. दुपारी पुणेकर बंगल्यावर आले, लोटसभोवती तीनदा फिरले, मऊ फडक्याने तिचं नाक पुसलं आणि तिला घेऊन गेले. आप्पासाहेब फाटकापर्यंत गेले. तीन दिवस ते शेडकडे फिरकले नाहीत, मग हौदाचं खणकाम सुरू झालं आणि शेजारी पोर्शे उभी राहिली, जरा ऐसपैस.

श्रीधरला वाटलं होतं, आपली चावी गेली. पण पुढच्या गुरुवारी आप्पासाहेबांनी ती त्याच्या टेबलावर, शिक्क्याच्या पॅडशेजारी ठेवली. "आठवड्यातून एकदा. घाट चढ, उतर, आणि मुंजाबाच्या दारात थांबून बंद कर. त्याच्या देखत."

म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी पोर्शे पडेगावच्या शेडसमोर उभी राहिली. इंजिन चालू. श्रीधरने वहाणा काढल्या. चष्मा पुसला. हात आपोआप चावीकडे निघाला.

"अजून नाय!" वच्छलाबाई आतून ओरडली.

हात परत आला. त्याने चष्मा पुन्हा पुसला. बरगड्या हलायच्या थांबल्या असाव्यात असं वाटल्यावर त्याने मुंजाबाकडे बघितलं. मुंजाबाने टँकरच्या इंजिनातून हात बाहेर काढून इशारा केला, आणि मगच चावी फिरली. श्रीधर विजयी मुद्रेने उतरला. बगलेत वही होती. जुन्या गाड्यांच्या मंडळींच्या वार्षिक अंकासाठी त्याचा लेख तयार झाला होता, चौदा पानी, तेविसाव्या रकान्यासह. फक्त शेवटचं वाक्य राहिलं होतं.

"मुंजाबा, एवढंच सांगा, तुमच्या नावानं छापतो. संग्राहक लोकांचा शेवटी एकच प्रश्न असतो. लोटस आणि पोर्शे, दोघींत जास्त वर्षं टिकेल ती कोणती?"

मुंजाबाने त्याच्या चावीवाल्या हाताकडे बघितलं. "पुण्याला गेली ती."